चित्रातली कढई

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. दारात शेजारच्या काकू उभ्या होत्या. एका हातात नवी कोरी कढई, दुसऱ्या हातात त्या कढईचे पुठ्ठ्याचे खोके, आणि चष्म्यामागे चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवून धारदार झालेली नजर. आमची सौ. स्वयंपाकघरात चकलीची भाजणी मळत होती. तिने आतूनच हाक दिली, "या ना काकू, पहिला घाणा काढतेच आहे."

"फराळाला नाही आले. तुझ्या नवऱ्याला जाब विचारायला आले आहे," असे म्हणून काकूंनी ते खोके माझ्यासमोर ठेवले. "हे वरचं चित्र तूच केलंस ना?"

"हो, मीच केलं," मी जरा ऐटीतच म्हणालो. आपले काम कोणी ओळखले की माणूस फुगतोच.

"मग आता नीट ऐक. चित्रात कढई मधोमध कापून दाखवली आहे. त्यात काठाची जाडी आणि कानाच्या पट्टीची जाडी अगदी सारखी दिसते. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी खरी कढई मोजली. कान चार मिलिमीटर, काठ अडीच. त्रैराशिक जुळत नाही. चूक माझी की चित्राची?"

ज्याला उत्तर देता येत नाही तो प्रस्तावना करतो. मीही तेच केले. "काकू, आधी बसा तर खऱ्या. हे चित्र कसं तयार होतं ते तुम्हाला सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे या कढईचा फोटो कोणी काढलेलाच नाही. मी हे चित्र केलं तेव्हा ही कढई जन्मालासुद्धा आली नव्हती!"

काकूंनी कढई मांडीवर घेतली आणि त्या बसल्या. त्या दिवशी त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांनाही सांगतो. आणि त्या दिवशी जे सांगायला जीभ रेटत नव्हती, तेही शेवटी सांगणार आहे.

जन्माआधीचे छायाचित्र

हल्ली भांड्याचा आराखडा कारखान्यात संगणकावरच आखतात. साचे तयार होण्याच्या आधीच तो आराखडा माझ्याकडे येतो. कढईचा घेर, खोली, कानांचा बाक, रिव्हेटांच्या जागा, सारे काही मिलिमीटरच्या हिशेबात त्यात असते. संगणक तो आकार बारीक बारीक त्रिकोणांच्या जाळ्यात बसवतो. साध्या कढईलाही असे हजारो त्रिकोण लागतात. पण एवढ्याने मिळतो तो नुसता घाट. कुंभाराच्या चाकावरून नुकत्याच उतरलेल्या कच्च्या मडक्याला जसा रंग नसतो की चकाकी नसते, तशी ती कढई असते.

मग तिला धातू द्यायचा. म्हणजे या पृष्ठभागावर प्रकाश पडला तर त्यातला किती परत फिरेल, कोणत्या दिशेला फिरेल आणि कोणत्या रंगाचा होऊन फिरेल हे संगणकाला आकड्यांत सांगायचे. यातली गंमत घरच्या घरी पाहता येते. लाल प्लॅस्टिकच्या बादलीवर दिव्याचा जो चकचकीत ठिपका दिसतो तो लाल नसतो, दिव्यासारखा पांढराच असतो. पण तांब्याच्या लोट्यावरचा ठिपका तांबूस दिसतो. धातू आपला रंग प्रतिबिंबालाही लावतो, प्लॅस्टिक लावत नाही. ही एक गोष्ट चुकली की चित्रातले तांबे म्हणजे रंगवलेले खेळणे दिसू लागते.

स्टीलच्या ताटाच्या तळाकडे कधी निरखून पाहिले आहे का? मधून दोन्ही बाजूंना रुंदावत गेलेला, डमरूच्या आकाराचा एक उजेडाचा पट्टा तिथे दिसतो, आणि ताट हलवले तरी तो आपली दिशा सोडत नाही. घासताना आणि पॉलिश करताना पडलेल्या बारीक गोलाकार रेघांचा तो प्रताप. या रेघा डोळ्यांना एकेक करून दिसत नाहीत. पण चित्रात त्या नसल्या तर गृहिणीला ताबडतोब चुकल्यासारखे वाटते. काय चुकले हे मात्र तिला सांगता येत नाही.

काळी पडलेली कढई

ही विद्या मी पुस्तकातून शिकलो, पण खरा गुरू घरातच भेटला. आमचे वडील, म्हणजे नाना, गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर छायाचित्रांचा स्टुडिओ चालवीत. माणसांचे फोटो काढण्यात त्यांना रस नव्हता. "माणूस हलतो, हसतो, आणि वर बिलावर वाद घालतो," असे ते म्हणत. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे साबणाच्या वड्या, तेलाच्या बाटल्या, घड्याळे आणि भांडी. भात्याचा मोठा कॅमेरा, डोक्यावर काळे फडके, आणि एका पातेल्याच्या फोटोसाठी अख्खी सकाळ!

पंचवीसएक वर्षांपूर्वी मी संगणकावर पहिले स्टीलचे पातेले केले, तेव्हा ते तव्यासारखे काळेकुट्ट दिसले. दिवे वाढवले, आकडे बदलले, दोन रात्री जागलो. पातेले काळे ते काळेच. तिसऱ्या दिवशी नाना मागे येऊन उभे राहिले. संगणकाशी त्यांचे हाडवैर. पण पडद्याकडे एकदा पाहून त्यांनी विचारले, "अरे, या पातेल्याच्या आजूबाजूला काय ठेवलं आहेस?"

"काहीच नाही. नुसता अंधार आणि दोन दिवे."

"मग ते तुला अंधारच दाखवणार. स्टीलला स्वतःचा चेहरा नसतो बाबा. समोर जे असेल ते त्याचं रूप. पातेल्यावर उजेड टाकू नकोस. पातेल्याला बघायला काहीतरी दे."

नाना भांड्याभोवती पांढऱ्या मलमलीचा आणि ट्रेसिंग पेपरचा तंबू उभारीत आणि दिवे त्या तंबूच्या बाहेर लावीत. तंबूला कडेने एक काळी पट्टी टांगीत, म्हणजे भांड्याच्या गोलाईवर एक काळी रेघ उमटते आणि गोलाई उठून दिसते. मी संगणकात तसाच तंबू उभारला, तशीच काळी पट्टी लावली. आणि माझे पातेले वीस मिनिटांत नुकतेच घासल्यासारखे लखलखले. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी अजूनही आधी कॅमेरा हातात धरायला लावतो, तो त्या दिवसापासून.

किरणांचा उलटा प्रवास

काकूंना एवढ्याने समाधान नव्हते. "पण संगणकाला उजेड कळतो कसा?" त्यांनी विचारले.

खरा प्रकाश दिव्यातून निघतो, भिंतींवर, भांड्यांवर आदळत आदळत आपल्या डोळ्यांत शिरतो. पण दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी डोळ्यांत शिरणारे फार थोडे. बाकीच्यांचा हिशेब करणे म्हणजे फुकटची मेहनत. म्हणून संगणक उलटी वाट धरतो. डोळ्यापासून निघायचे, कढईवर आदळायचे, तिथून ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर, असे करीत दिव्याचा माग काढायचा. १९८० साली टर्नर व्हिटेड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही पद्धत आरशासारख्या आणि काचेच्या वस्तूंना लावून दाखवली. १९८६ साली जेम्स काजिया यांनी प्रकाशाची ही सारी देवघेव एकाच समीकरणात मांडली, आणि ते सोडवायला एक अजब युक्तीही दिली: किरणाने प्रत्येक वळणावर कोणत्या दिशेने जायचे ते चक्क फासे टाकून ठरवायचे! एका किरणाला सत्य गवसत नाही, पण हजार किरणांची सरासरी सत्याच्या जवळ जाते.

"आता हिशेब करा काकू. चार हजार ठिपके रुंद आणि तीन हजार ठिपके उंच असं चित्र. म्हणजे ठिपके किती?"

"एक कोटी वीस लाख," काकू क्षणात म्हणाल्या.

"दर ठिपक्यामागे हजार किरण सोडले तर?"

"बाराशे कोटी!" काकूंनी चष्मा सारखा केला. "आणि कमी सोडले तर?"

"तर चित्र भाजणीसारखं रवाळ दिसतं. तो रवा निम्मा करायचा तर किरण चौपट सोडावे लागतात."

"म्हणजे वर्गमुळाचा नियम म्हण की!" काकू खूश झाल्या. जाब विचारायला आलेला माणूस थोडा वेळ विद्यार्थी झाला, तेवढाच मला दिलासा.

या शास्त्राचे स्वयंपाकघराशी जुने नाते आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल हे संशोधक संगणकावर रेखाटायला एखादी चांगली वस्तू शोधत होते. चहाच्या वेळी त्यांच्या पत्नीने सुचवले, की समोरची चहादाणीच घ्या ना! त्या घरगुती चहादाणीचे आकडे पुढे जगभरच्या संशोधकांनी वापरले, आणि मूळ चहादाणी आज कॅलिफोर्नियातल्या संगणकाच्या संग्रहालयात आहे. दुधाने मात्र शास्त्रज्ञांना पुष्कळ छळले. संगणकावरचे दूध नेहमी पांढऱ्या ऑइलपेंटसारखे दिसे. कारण प्रकाश दुधाच्या नुसत्या पृष्ठभागावरून परतत नाही. तो आत शिरतो, थोडा भटकतो आणि भलत्याच जागी बाहेर पडतो. संगमरवराचे आणि आपल्या कातडीचेही तसेच. २००१ साली हेन्रिक येन्सेन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या भटकंतीचा सोपा हिशेब मांडला, आणि मग कुठे संगणकातले दूध पिण्याजोगे दिसू लागले. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने या कामासाठी २००४ साली तांत्रिक पुरस्कार दिला.

व्यंग हवे!

एवढे सगळे जमले तरी चित्र खरे वाटत नाही. मी एकदा मोठ्या अभिमानाने आमच्या सौ.ला एक चित्र दाखवले. ओट्यावर पाच डबे, मागे खिडकी, सकाळचे ऊन. ती म्हणाली, "छान आहे; पण अहो, या घरात कोणी राहत नाही वाटतं?"

तिचे म्हणणे खरे होते. पाचही डबे एका रेषेत कवायतीला उभे होते. ओट्याची कड सुरीसारखी धारदार होती. खऱ्या जगात इतकी धारदार कड कुठेच नसते. प्रत्येक कडेला केसाएवढी तरी गोलाई असते आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ उमटते. मी कडा गोल केल्या. एक डबा जरासा वाकडा ठेवला, एकाचे झाकण किंचित तिरपे केले, एकावर अंगठ्याचा पुसट ठसा उमटवला आणि खिडकीच्या गजावर थोडी धूळ टाकली. मग सौ. म्हणाली, "हां, आता ती बाई दूध आणायला खाली गेली आहे असं वाटतं." आमच्या धंद्यातले सगळे मर्म या वाक्यात आहे. आमचा निम्मा पगार घासूनपुसून स्वच्छ करण्याचा असतो, आणि उरलेला निम्मा बेताचे डाग पाडण्याचा!

स्टुडिओचे कुलूप

कारखानदार या चित्रांकडे का वळले हे सांगायला नको. माल तयार व्हायची वाट पाहावी लागत नाही. एका मिक्सरचे सहा रंग हवे असले तर सहा मिक्सर मागवावे लागत नाहीत. स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीचे उदाहरण या धंद्यात सगळे देतात. २००६ साली तिने एका साध्या लाकडी खुर्चीचे संगणकावर केलेले चित्र कॅटलॉगात छापले. २०१४ च्या सुमारास तिच्या सुट्या वस्तूंच्या चित्रांपैकी सुमारे तीनचतुर्थांश संगणकावरच होऊ लागली होती. लाखो लोकांनी ती पाने चाळली, पण कोणाच्या ध्यानात आले नाही. तिथे एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्यांनी छायाचित्रकारांना काढून टाकण्याऐवजी संगणक शिकवला, आणि संगणकवाल्यांना छायाचित्रण.

आमच्याकडे असे काही घडले नाही. नानांची कामे हळूहळू कमी होत गेली, आणि एका पाडव्याला त्यांनी स्टुडिओला कायमचे कुलूप लावले. त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी दोघे त्याआधीच माझ्याकडे आले होते. नाना एका शब्दाने कधी बोलले नाहीत. मलमलीचा तो तंबू घडी करून त्यांनी माझ्या कपाटात ठेवला, एवढेच.

फोटोचा जमाना काही धुतल्या तांदळासारखा होता असे नाही. नाना बाटलीवर पाण्याऐवजी ग्लिसरीनचे थेंब शिंपडीत, म्हणजे ते ओघळत नाहीत. सरबतातला बर्फ काचेसारख्या प्लॅस्टिकचा असे. आइस्क्रीम दिव्याखाली वितळते म्हणून त्याच्या जागी उकडलेला बटाटा कुस्करून ठेवणारेही होते. पण नानांचा एक दंडक होता. ते म्हणत, "नवरी नटवावी, पण मांडवात दुसरीच उभी करू नये." सरबताच्या जाहिरातीत बर्फ खोटा चालेल, सरबत खोटे चालणार नाही. आइस्क्रीम विकायचे असेल तर बटाटा चालणार नाही.

अमेरिकेत हाच दंडक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दाढीचा एक साबण इतका गुणी, की त्याने सँडपेपरसुद्धा भादरता येतो, असे दूरदर्शनवर दाखवले होते. प्रत्यक्षात तिथे काचेसारख्या प्लॅस्टिकवर वाळू पसरलेली होती. कंपनी म्हणाली, खरा सँडपेपर पडद्यावर साध्या कागदासारखा दिसतो, आणि पुरेसा भिजवला तर तोही भादरता येतो. पण त्याला ऐंशी मिनिटे भिजवावे लागत होते! १९६५ साली न्यायालयाने निकाल दिला, की ही फसवणूकच आहे. सुपाच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या घालून भाज्यांचे तुकडे वर आणल्याचे प्रकरणही त्यानंतर तिथे गाजले. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केले तर पन्नास लाखांपर्यंत.

तीन सेकंद

एवढे सारे सांगून झाले तेव्हा चकल्यांचा दुसरा घाणा उतरला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "सगळं समजलं. आता माझ्या गणिताचं उत्तर दे."

उत्तर असे होते. कढई तीन थरांची. आत स्टील, बाहेर स्टील आणि मध्ये ॲल्युमिनियम, म्हणजे आच सगळीकडे सारखी पसरते. एकंदर जाडी अडीच मिलिमीटर. चित्र जवळजवळ तयार असताना कारखान्याचे एक गृहस्थ माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, "साहेब, मधला थर जरा भरदार दाखवा ना. काठ अगदीच नाजूक दिसतो." मी अडीचच्या जागी चार लिहिले. मला तीन सेकंद लागले.

त्या तीन सेकंदांचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. नानांना हीच लबाडी करायची असती तर दुसरी जाड कढई शोधावी लागली असती, ती कापावी लागली असती, कान बदलावे लागले असते. लबाडीलाही मेहनत पडे, आणि त्या मेहनतीत माणसाला विचार करायला वेळ मिळे. कारखान्याला तो थर खरोखर जाड करायचा तर नवा पत्रा आणि नवे साचे लागले असते. मला फक्त एक आकडा बदलावा लागला. आता तर नुसते वाक्य लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रे आली आहेत. त्या यंत्राला कढईची जाडीही ठाऊक नसते आणि कानाला रिव्हेट दोन की तीन हेही ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ते फक्त लोकांना कशी कढई आवडते एवढेच.

मी काकूंना खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. कढई हातात फिरवीत म्हणाल्या, "अरे, कढई चांगली आहे रे. काल शेव तळली, कुठे करपली नाही. अडीच मिलिमीटर लिहिलं असतंत तरी मी घेतली असती. मग खोटं कशाला बोललात?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही.

भाऊबीज झाल्यावर मी त्या गृहस्थांना फोन केला आणि चित्र फुकट दुरुस्त करून देतो म्हणालो. खोकी छापून झाली आहेत, असे ते म्हणाले. तरी मी खरा आकडा घालून चित्र पाठवून दिले. त्याचे पुढे काय झाले मला माहीत नाही, कारण त्यांची पुढची कामे दुसऱ्याकडे गेली. त्या वर्षी आमच्या घरचा दिवाळीचा खर्च थोडा आखडता घ्यावा लागला. पण तेव्हापासून माझ्या टेबलावर एक पट्टी असते. माल तयार असेल तर तो मागवून मोजतो. नसेल तर आराखड्यातले मिलिमीटर कागदावर लिहून त्यावर कारखान्याची सही घेतो. उजेड माझा, धूळ माझी, अंगठ्याचा ठसाही माझा; माप मात्र मालाचे.

हा अंक चाळताना जाहिरातींच्या पानांवर आपली नजर रेंगाळेलच. चित्रांचा आनंद खुशाल घ्या. त्यांच्यामागे पुष्कळांच्या जागरणाची मेहनत असते. फक्त खरेदीच्या वेळी खोके उलटे करून मागे छापलेले वजन आणि जाडी वाचा. आणि शंका आलीच तर नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी काढा.

यंदाही वसुबारसेला काकू आल्या, त्याच कढईत तळलेल्या कडबोळ्यांचा डबा घेऊन. डब्याच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली होती: "नग २५. मोजून घेणे."

मी मोजली. बरोबर पंचवीस होती.